मातीच्या वेळी नरकाचा उपदेश करावा का?

रामबागची लेक
सर्वांना सलाम. मागच्या महिन्यात माझे थोरले मामा गेले. मिल बंद पडल्यावर ते दारूच्या आहारी गेले आणि वीस वर्षं उपासनेला आले नाहीत. शेवटचे आठ दिवस मात्र आईचा हात धरून प्रभूची प्रार्थना पुटपुटत होते. कब्रस्तानात उपदेशकांनी पेटीसमोर उभं राहून सांगितलं, "कृपेकडे पाठ फिरवणाऱ्याला आता संधी नाही." समोर मामी होत्या. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली आहे.

नरक नाही, असं मी म्हणत नाही. प्रभूनं स्वतः गेहेन्नाचं नाव घेतलं. ती यरुशलेमबाहेरची हिन्नोमची दरी, जिथे लोकांनी आपलीच मुलं आगीत होमली आणि यिर्मया संदेष्ट्यानं जिला शाप दिला. पण प्रभू हा शब्द कोणापुढे उच्चारतो ते पाहा. शिष्यांपुढे आणि शास्त्री-परूशी या धर्मपुढाऱ्यांपुढे. लाजराच्या कबरेपाशी त्याच्या बहिणी मार्था-मरीयेसमोर तो रडला. मग आमच्या मामींच्या वाट्याला हे का आलं?

जुना छावणीकर
ताई, मामींचं दुःख मोठं आहे, वेळही चुकली असेल. पण उपदेशकाला दोष देताना जपा. मातीला जी तरुण पोरं येतात, ती एरवी चर्चची पायरी चढत नाहीत. त्यांना कधी सांगायचं? मनुष्यानं एकदाच मरायचं आणि मग न्याय, असं बायबलात इब्री ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मत्तय २५ च्या शेवटी शिक्षा सार्वकालिक आणि जीवनही सार्वकालिक. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द. जुन्या मंडळीतल्या ऑगस्टीन या आचार्यानं हेच दाखवून दिलं होतं : शिक्षा तात्पुरती म्हणाल, तर जीवनही तात्पुरतं ठरेल. लोकांना बरं वाटावं म्हणून आपण अर्ध्या वचनावर कात्री चालवायची का?

रामबागची लेक
काका, तोच अध्याय घ्या. न्यायाच्या वेळी वेगळी केलेली मेंढरं आणि शेरडं, म्हणजे नीतिमान आणि दोषी, दोन्ही बाजू चकित होऊन विचारतात, "प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?" स्वतःचा निकाल तिथे कोणालाच आधी ठाऊक नव्हता. मग मामांचा निकाल कबरेच्या काठावर कसा कळला? पौलही करिंथकरांना बजावतो की प्रभू येण्याआधी निवाडा करू नका.

आशेकरी
मी आणखी पुढे जाईन. सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे, असं १ तीमथ्य २ म्हणतं. देवाची इच्छा कायमची अपुरी राहील का? चौथ्या शतकातल्या बिशप नीस्साच्या ग्रेगरीला शेवटी सगळे परत येतील अशी आशा होती आणि मंडळीनं त्याला संत मानलं.

जुना छावणीकर
आणि त्याच्याआधी अशीच आशा शिकवणाऱ्या ओरिजेनच्या मतांचा ५५३ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये धिक्कार झाला, तेही सांगा. देव कोणाला ओढून आत नेत नाही. 'नाही' म्हणण्याची मोकळीक त्यानंच दिली आहे. ती काढून घेतली तर प्रेमाला अर्थ काय उरला?

लाल चर्चजवळची
मी कॅथलिक आहे, तरी लिहिते. आमच्याकडे कितीतरी जणांना नाव घेऊन संत ठरवलं जातं, पण अमुक माणूस नरकात आहे असं चर्चनं आजवर एकाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही.

राणी मारिया सिस्टरांची गोष्ट इंदूरला नवी नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरच्या रस्त्यावर बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो बदलला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरमध्ये सिस्टरांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी गर्दीत होते. एकच विचार मनातून जाईना : तो माणूस खुनाच्या रात्रीच मेला असता, तर आपण त्याच्या प्रेतापुढे काय बोललो असतो? आणि ते खरं ठरलं असतं का?

जुना छावणीकर
ताई, तुमचा प्रश्न मनाला लागला. पण माझं म्हणणंही तेच आहे. तो बदलला तो जिवंतपणी. म्हणून तर इशारा वेळेत द्यायचा. लूक १६ मधला श्रीमंत मेल्यावर यातनेत पडतो आणि मेलेल्या भिकाऱ्याला आपल्या पाच भावांना सावध करायला पाठव, असं अब्राहामाला विनवतो.

रामबागची लेक
आणि अब्राहाम म्हणतो, त्यांच्याजवळ मोशे व संदेष्टे आहेत. मेलेल्याला दाखवून भावांना घाबरवायला तो तयार होत नाही, काका. प्रभूशेजारी वधस्तंभावर पश्चात्ताप केलेल्या चोराकडे तर काही तासच होते. मामांकडे आठ दिवस होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आईलाही पुरतं ठाऊक नाही.

रविवारी संध्याकाळी मामींकडे प्रार्थना ठेवली आहे. स्तोत्र १३० वाचावं अशी त्यांची इच्छा आहे. देवानं अधर्म मोजले तर कोण टिकेल, असं विचारणारं. उपदेशकांना बोलवायला त्या तयार नाहीत. तुम्ही वाचाल का?

जुना छावणीकर
येतो. स्तोत्र पूर्ण वाचेन, त्यावर बोलणार नाही. पोरांशी मात्र नंतर अंगणात बोलेन, तेवढी परवानगी मामींना विचारून ठेवा.