गुलमर्गचा बर्फ आणि जैसलमेरचे ऊन: एकाच सहलीत जमवावे का?

सिंहगडपायथा (प्रश्न)

नमस्कार. येत्या हिवाळ्यात दहा दिवसांच्या रजेत गुलमर्ग आणि जैसलमेर ही दोन्ही ठिकाणे करावीत, असा आमचा विचार आहे. आम्ही दोघे, नववीतला मुलगा आणि सासूबाई असे चौघे पुण्याहून निघणार आहोत. मुलाला स्कीइंग खरोखर शिकायचे आहे. स्लेजवर बसवून फोटो काढल्याने त्याची बोळवण होणार नाही. सासूबाईंना मात्र उन्हाची ओढ अधिक, शिवाय बर्फातून चालणे त्यांच्या गुडघ्यांना मानवणारे नाही. नाताळच्या सुट्टीत जावे की शाळेची रजा काढून फेब्रुवारीत, आधी वाळवंट करावे की बर्फ, आणि ही दोन टोके एका सहलीत कोंबणे मुळात शहाणपणाचे आहे का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

हिमवाट

शहाणपणाचे आहे, पण क्रम चुकला तर सहलीचा विचका होतो. माझे मत स्पष्ट आहे: फेब्रुवारीत जावे, आणि बर्फ आधी, वाळू नंतर.

२१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंतचा ‘चिल्लई कलान’ हा काश्मीरमधला सर्वांत कडक थंडीचा काळ असल्यामुळे तेव्हा बर्फ हमखास मिळेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात थंडी आणि बर्फ यांची सांगड दरवर्षी बसतेच असे नाही, कारण बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात, आणि ते रुसले तर कितीही गारठा असला तरी उतार कोरडेच राहतात. जानेवारी २०२४ मध्ये महिनाअखेरपर्यंत गुलमर्ग जवळजवळ उघडे पडले होते. फेब्रुवारीत साचलेल्या बर्फाचा थर मिळण्याची शक्यता अधिक असते, पण तीही हमी नव्हे: २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

क्रमाचे कारण साधे आहे. श्रीनगरची विमाने बर्फवृष्टीत रद्द होतात आणि जम्मूचा महामार्गही बंद पडतो. काश्मीर शेवटी ठेवले तर अडकलेला दिवस थेट परतीच्या तिकिटावर येतो. आधी ठेवले तर जैसलमेरमधला एखादा दिवस कमी होतो, इतकेच. जून २०२५ पासून श्रीनगर ते कटरा वंदे भारत गाडी धावू लागली आहे, तोही पर्याय हाताशी असू द्यावा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात विमाने तासन्‌तास खोळंबतात, आणि तुम्हाला श्रीनगरहून राजस्थानला दिल्लीमार्गेच जावे लागणार आहे, हाही फेब्रुवारीच्या बाजूचा मुद्दा.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग ही संस्था गुलमर्गमध्येच आहे, पण तिचे अभ्यासक्रम तुमच्या रजेत बसण्यासारखे नाहीत. त्यापेक्षा गुलमर्गला सलग चार मुक्काम ठेवावेत आणि मुलासाठी स्वतंत्र प्रशिक्षक घ्यावा. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात. बूट घेताना घाई करू देऊ नका: मोज्यांचा एकच जोड घालून, सगळे बकल लावून मुलाला उभे करावे आणि गुडघे पुढे झुकवायला सांगावे. त्या वेळी बोटे पुढच्या टोकापासून किंचित मागे सरली पाहिजेत, पण टाच तळापासून उचलली जाता कामा नये. टाच हलत असेल तर स्की वळवताच येत नाही आणि शिकणाऱ्याला वाटते, दोष आपलाच आहे.

मरुस्थळी

क्रमाबाबत सहमत. वाळवंटाविषयी थोडे लिहितो, कारण तिकडे आपली मंडळी एका रात्रीत सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या गाठतात, ध्वनिवर्धकावरची गाणी ऐकतात आणि परततात. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या समच्या टेकड्यांवर गर्दी फार असते. शांतता हवी असेल तर नैर्ऋत्येकडे खुडी गावाजवळ मुक्काम करावा. फेब्रुवारीत दुपारी २५ अंशांच्या आसपास सुखद ऊन असते, पण सूर्य कलला की वाळू झपाट्याने गार पडते, त्यामुळे काश्मीरसाठी घेतलेले लोकरीचे कपडे तंबूतही लागतील. सासूबाईंना तंबू सोसणार नसेल तर मुक्काम शहरातच ठेवून संध्याकाळपुरते वाळूवर न्यावे. सकाळचे ऊन गडीसर तलावाच्या काठावर बसूनही छान खाता येते.

दिल्लीहून जोधपूरला विमानाने आणि पुढे सुमारे २८० किलोमीटर मोटारीने गेलात तर थोडा वळसा घेऊन फलोदीजवळचे खीचन गाव गाठता येते. तिथे हिवाळ्यात कुरजां पक्ष्यांचे हजारोंचे थवे उतरतात. सकाळी लवकर पोहोचता येणार असेल तरच थांबा. जैसलमेरचा मरु महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो; त्या दिवसांत खोल्या महाग होतात, तेव्हा पंचांग पाहूनच तारखा ठरवाव्यात.

सिंहगडपायथा

दोघांचेही आभार. फेब्रुवारी नक्की केला. सासूबाईंना गुलमर्गच्या गोंडोल्यात, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात (केबल कारमध्ये), बसवावे का?

हिमवाट

पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे कोंगडोरीपर्यंत, त्यांच्या डॉक्टरांना विचारून अवश्य न्यावे. ते ठिकाण साधारण ३,००० मीटरवर आहे. दुसरा टप्पा अफरवाट पर्वतावर ४,००० मीटरच्या जवळ नेतो, तिथे विरळ हवेत दम लागतो आणि वारा सुटला की तो बंदही ठेवतात, तेव्हा त्यांच्यासाठी तो गाळावा. मुलालाही यंदा वरून उतरू देऊ नका. तिथले बरेचसे उतार यंत्राने दाबून सपाट न केलेले आहेत, हिमस्खलनाचा धोका खरा आहे, आणि नवशिक्यासाठी खालच्या मैदानालगतचे सौम्य उतार पुरेसे आहेत.

गोंडोल्याची तिकिटे तारखा ठरताच ऑनलाइन काढावीत. बर्फ पडल्यावर गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी लागते, म्हणून गाडी ठरवताना साखळ्यांचे भाडे त्यात धरले आहे का, हे विचारून घ्यावे. आणि बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, तेव्हा चौघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असू द्यावा, म्हणजे मुलगा उतारावर आणि सासूबाई हॉटेलात असतानाही तुमचा संपर्क राहील.