मदत हवी आहे : मांजराला आलटूनपालटून अन्न द्यावे की एकच ठेवावे?

नमस्कार. आम्ही अमळनेरला राहतो. आमच्याकडे भुऱ्या नावाचा तीन वर्षांचा बोका आहे. महिन्याभराचा असताना तो शेतातल्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली सापडला, पुढे सातव्या महिन्यात त्याची नसबंदी करून घेतली, आणि आज त्याचे वजन ५ किलो २०० ग्रॅम आहे (त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहायचे आणि माझे वजन वजा करायचे, या पद्धतीने काढलेले). त्याची तब्येत ठणठणीत आहे. प्रश्न त्याच्या खाण्याचा आहे, आणि त्यावर आमच्या घरात सध्या एकमत होत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून भुऱ्या एकाच कंपनीचे, एकाच चवीचे ड्राय फूड खात आला आहे. गेल्या वैशाखात गावातल्या दुकानातला तो माल संपला. दुकानदार जळगावहून मागवतो म्हणाला, ऑनलाइन मागवलेली पिशवीही वेळेवर पोहोचली नाही, आणि शेवटी मी दुसऱ्या कंपनीची, तीच चव लिहिलेली लहान पिशवी आणली. भुऱ्याने ते खाद्य हुंगले आणि ते मातीत पुरायचेच आहे अशा थाटात वाटीभोवतीची फरशी पंजाने ओरखडू लागला. दूध दिले तर त्याने तोंड फिरवले. उकडलेले अंडे दिले, ते एकदा चाटून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने उकडलेल्या चिकनचे चार तुकडे कसेबसे खाल्ले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, आणि त्यातही ते जाड असेल, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते व ते जिवावर बेतू शकते, हे मला त्यानंतर वाचनात आले. बरे झाले, आधी आले नाही; त्या रात्री मी झोपलो नसतो.

तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. मुलगी नाशिकला शिकते. तिचे म्हणणे असे की एकाच अन्नाची सवय हीच खरी चूक आहे, म्हणून भुऱ्याला दर महिन्याला वेगळे ड्राय फूड, मधूनमधून पाउचमधले वेट फूड, कधी चिकन, कधी मासा असे सर्व द्यावे. पत्नीचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ज्या अन्नाने तीन वर्षांत एकदाही पोट बिघडले नाही, त्याला हात लावायचाच कशाला, आणि दर वेळी नवे चाखायची सवय लागली तर हा उद्या नखरे करू लागेल त्याचे काय, असे ती विचारते. ऐंशी वर्षांच्या आईला हा सगळाच प्रकार नवलाचा वाटतो. 'मांजरले काय लागस? दूध-भाकर!' एवढ्या एका वाक्यात ती विषय संपवते. तिच्या लहानपणी वाड्यातली मांजरे दूध-भाकरीवर जगत, हे खरे असले तरी त्या मांजरांना धान्याच्या कोठारातले उंदीर भरपूर मिळत होते, ही गोष्ट ती सोयीस्करपणे विसरते असा माझा संशय आहे.

मी जमेल तेवढे वाचले. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. गाजरातल्या कॅरोटीनपासून आपण जीवनसत्त्व अ तयार करतो, ते त्याला जमत नाही. टॉरीन नावाचा घटकही त्याचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच यावा लागतो. टॉरीन कमी पडले की दृष्टिपटल खराब होते आणि हृदयाचे स्नायू ताणून सैल पडतात. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांजरांच्या हृदयविकाराचा संबंध टॉरीनच्या कमतरतेशी जोडून दाखवला आणि त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरीनचे प्रमाण वाढवले. विशेष म्हणजे ती आजारी मांजरे बाजारातले तयार खाद्यच खात होती. हे वाचल्यावर मुलीची बाजू मला थोडी पटू लागली. सगळा भरवसा एकाच पिशवीवर ठेवला आणि तिच्यातच काही उणे निघाले, तर?

म्हणून जाणकारांना विचारतो. पूर्ण वाढ झालेल्या, एकाच अन्नाला सरावलेल्या बोक्याच्या खाण्यात विविधता आणणे शहाणपणाचे आहे का? असेल तर विविधता म्हणजे दोन कंपन्यांची खाद्ये की घरचे चिकन-अंडी-मासे? आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा केवळ कोरड्या दाण्यांवर राहणाऱ्या बोक्याची काळजी वेगळी घ्यावी लागते का? गावातला गुरांचा दवाखाना चांगला आहे, परंतु तिथे मांजराच्या आहाराबद्दल विचारले की 'खाईल ते द्या' एवढेच उत्तर मिळते. त्या लोकांसमोर गाभण म्हशी उभ्या असतात, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही.

प्रतिसाद, धुळ्याहून

आपला बोका दोन दिवसांत सावरला हे वाचून बरे वाटले. माझ्या घरी गेली पंधरा वर्षे मांजरे आहेत, सध्या चार आहेत. अनुभवावरून आणि पशुवैद्यांकडून शिकलेल्यावरून लिहितो.

विविधतेचा विचार करताना पोषण आणि सवय या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. पोषणासाठी विविधता लागतेच असे नाही. कोठारातले मांजर रोज उंदीरच खात असे, तरी त्याला काही कमी पडत नसे, कारण उंदरात मांस, हाड, काळीज, रक्त असे सगळे एकत्र येते. आपण चिकनच्या दुकानातून आणतो ते नुसते मांस असते. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो, आणि मांजराला हे दोन्ही जवळजवळ सारखे लागतात. वाढत्या पिलाला महिनोन्महिने केवळ उकडलेले चिकन दिले तर शरीर त्याच्या हाडांतले कॅल्शियम काढून घेते आणि साध्या उडीने पाय मोडतो. माझ्या पहिल्या मांजरीच्या बाबतीत हे घडले. तिला मी फार प्रेमाने चिकन भरवत होतो. घरच्या पदार्थांची संख्या वाढवली म्हणून हा तोल साधत नाही. सोमवारी चिकन, मंगळवारी अंडे, बुधवारी मासा दिला तरी कॅल्शियम कुठूनच येत नाही.

म्हणून मुख्य अन्न तेच ठेवावे, ज्याच्या पाकिटावर ते प्रौढ मांजरासाठी संपूर्ण व संतुलित असल्याचे लिहिलेले आहे. हे शब्द नीट शोधावे लागतात, कारण काही पाउच आणि मलईसारख्या नळ्या फक्त पूरक खाद्य म्हणून विकल्या जातात. अशी संपूर्ण खाद्ये दोन किंवा तीन निवडून आलटूनपालटून द्यायला काहीच हरकत नाही, उलट आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात ती गरजच आहे. माल कधी संपेल आणि कंपनी कधी घटक बदलेल, ते आपल्या हातात नसते. आपण एका पिशवीवरच्या भरवशाबद्दल जी शंका काढली आहे, तिचेही उत्तर यातच आहे.

घरचे चिकन किंवा अंडे खाऊ म्हणून द्यावे, दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत. आपल्या बोक्याला साधारण २४० किलोकॅलरी पुरतील असे धरले तर खाऊच्या वाट्याला २४ येतात, म्हणजे उकडलेल्या चिकनचे जेमतेम १५ ग्रॅम. हे दोन बोटांएवढेच होते आणि बोका नाराज होतो, पण वजन पाहता आपण हात आखडता घ्यावा. चिकन मीठ-मसाल्याशिवाय उकडून त्याचे पाणीही सोबत द्यावे, कारण उकडताना टॉरीनचा बराच भाग पाण्यात उतरतो. शिजलेले हाड कधीही देऊ नये, ते काडीसारखे फुटून आतड्यात रुतते.

आपल्या भागात एक सवय सर्रास दिसते, तिच्याबद्दल मी जरा कठोरपणे लिहितो. काळ्या मसाल्याच्या रश्शातला तुकडा नळाखाली धुऊन मांजराला देतात. मसाला धुतला तरी कांदा-लसणाचा अंश मांसात मुरलेला राहतो, आणि कांदा-लसूण कच्चा असो, शिजलेला असो वा पूड असो, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. एका तुकड्याने काही दिसत नाही. रोजच्या तुकड्यांनी मात्र मांजर फिकट पडते, धापा टाकते, आणि घरच्यांना कारण कळत नाही.

सगळीच मांसे चाखवण्यात एक तोटाही आहे. पुढे मांजराला अन्नाची ॲलर्जी झाली तर पशुवैद्य त्याने पूर्वी कधीच न खाल्लेले मांस आठ आठवडे देऊन पाहतात. ज्याने आधीच चिकन, मासा, मटण, बदक सर्व खाल्ले आहे, त्याच्यासाठी नवे काय शोधणार? मी चारही मांजरांना चिकन आणि मासा याच दोन चवींत ठेवले आहे.

प्रतिसाद, नवापूरहून

माशाबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्याकडे उकाईच्या फुगवट्याचे मासे स्वस्त मिळतात आणि मांजरांना ते कच्चेच टाकले जातात. रोहू, कटला ज्या कुळातले आहेत, त्या कुळातल्या अनेक कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारा एक घटक असतो. असा मासा रोज खाणाऱ्या मांजराची मान छातीकडे झुकू लागते आणि ते झोकांड्या खाते. शिजवल्यावर हा घटक निकामी होतो. आठवड्यातून एकदा, शिजवलेला, काटे काढलेला छोटा तुकडा पुरेसा आहे. कलेजीही रोज देऊ नये. तिच्यातले जीवनसत्त्व अ शरीरात साठत जाते आणि मानेचे मणके एकमेकांना चिकटतात.

आपल्या आईंना मात्र नमस्कार सांगावा. भाकरीने मांजराचे वाईट होत नाही, ती फक्त पोट भरते. दुधाचे तसे नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही, आणि भुऱ्याने तोंड फिरवले यात त्याचा शहाणपणा दिसतो.

प्रतिसाद, पुन्हा धुळ्याहून

उन्हाळ्याचा प्रश्न राहून गेला होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मांजराचे पूर्वज आफ्रिका-पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले, त्यामुळे त्याला तहान कमी लागते आणि त्याची सवय भक्ष्यातून पाणी मिळवण्याची आहे. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते, कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास. वेट फूडमध्ये ते ७५ ते ८० टक्के असते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, पाणी कमी पडून लघवी घट्ट झाली की त्यात खडे धरतात आणि लघवी अडू शकते. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि काहीच होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा. होळीपासून पावसाळ्यापर्यंत दिवसातले एक जेवण तरी ओले द्यावे, आणि पाण्याची भांडी अन्नापासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. वेट फूड उघडल्यावर आपल्याकडच्या उकाड्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये.

नवे खाद्य दहा दिवसांत मिसळत न्यावे. सुरुवातीला चौथा हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण. मोठ्या मांजराचे अडते ते पुष्कळदा चवीपेक्षा पोत आणि दाण्याच्या आकारावर, म्हणून जुन्यासारखाच आकार आधी शोधावा. उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा उपाय माणसाच्या मुलांवर चालत असेल, मांजरावर तो करू नये.

मूळ प्रश्नकर्ता, अकरा दिवसांनंतर

सर्वांचे आभार. आपल्या सल्ल्याने दोन संपूर्ण खाद्ये निवडली आहेत. पहिले तीन दिवस भुऱ्या जुने दाणे वेचून खायचा आणि नवे वाटीच्या कडेला व्यवस्थित मांडून ठेवायचा. चौथ्या दिवशी पत्नीनेच दोन्हींवर चमचाभर कोमट पाणी शिंपडून ते कालवले, मग त्याला वेचता येईना आणि त्याने मुकाट्याने खाल्ले. आज प्रमाण निम्मे-निम्मे आहे. त्याचे पोट ठीक आहे. ठरल्यापेक्षा आम्ही सावकाश चाललो आहोत, परंतु घाई कशाचीच नाही.

वेट फूडचे मात्र जमत नाही. जेलीतले तुकडे दिले की तो जेली चाटतो आणि तुकडे सोडतो. मुलगी सुट्टीवर येताना लगद्यासारख्या पोताचा पाउच आणणार आहे, तो चालतो का ते पाहू. पत्नी नखऱ्यांची भीती अजून सोडायला तयार नाही, आणि पाउचचा भाव ऐकल्यावर तिच्या बाजूला आईही जाऊन बसली आहे. तोवर मी दाण्यांवर बिनमिठाचे चिकनचे पाणी घालतो, ते त्याला फार आवडते. हे पाणी एकदाच करून फ्रीजमध्ये किती दिवस ठेवता येईल, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून रोज एक खडा काढला तर चालेल का, एवढे कोणी सांगितले तर उपकार होतील.