चिपीच्या सीनरीतला माझा डेटा आणि आवाज दुसऱ्याच्या पेड पॅकमध्ये, काय करता येईल?

परुळ्याचा_सिमर
नमस्कार मंडळी. एक्स-प्लेन ह्या विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी आपल्या चिपी विमानतळाची फ्रीवेअर सीनरी (म्हणजे सिम्युलेटरमधला फुकटचा विमानतळ) मी केलेली, इथल्या बऱ्याच जणांकडे असेल. परवा एका परदेशी साइटवर चिपीचं पेड पॅक दिसलं म्हणून कौतुकाने विकत घेतलं आणि उघडून बघतो तर विमानं लावायच्या एका पार्किंग स्टँडचं नाव ‘सोलकढी’! हे नाव मी गंमत म्हणून ठेवलेलं, खऱ्या चिपीत असला स्टँड कुठून येणार. मग साउंड फोल्डर बघितला, वेव्ह फाइली उघड्याच पडल्यात, नावं तेवढी बदललीयत. टर्मिनलबाहेरच्या आवाजात ४१व्या सेकंदाला पावशा ओरडतो आणि त्याच्यावरच एक बुलेट फटफटत जाते, हे मी मिरगाच्या तोंडावर केलेलं रेकॉर्डिंग आहे, माइक भाच्याने धरलेला. एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) सुरू होतानाचा आवाजपण माझाच वाटतोय, तो कुंपणाबाहेरून घेतलेला त्यामुळे वारा भरपूर आहे.

सीनरीसोबतच्या माझ्या रीडमी फाइलीत स्पष्ट लिहिलंय की विकायचं नाही. पॅक विकणाऱ्याला मेल टाकला तर उत्तर आलं की विमानतळाची माहिती सार्वजनिक असते आणि आवाज काय कोणीपण रेकॉर्ड करू शकतो. आता रनवे, टॅक्सीवे, फ्रिक्वेन्सी, आवाज सगळ्यावरच दावा ठोकावा असं डोक्यात आहे. कोणी असलं काही केलंय का?

मालवणी_कॅप्टन
माका कायद्यातला काय कळणा नाय, पण तो बुलेटवालो गावलो तर त्याकाच साक्षीदार कर 😂

रत्नांग्रीची_वकीलबाई
दादा, सगळ्यावर एकदम ठोकू नका, समोरचा तुमचा सगळ्यात लेचापेचा मुद्दा धरून बसेल आणि बाकीचं राहून जाईल.

रनवे २५०० मीटरचा आहे हे तुम्ही निर्माण केलेलं नाही, ते आहेच. फ्रिक्वेन्सीचं तेच. एअरपोर्ट अथॉरिटी हे सगळं एआयपीत (वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तकात) स्वतःच छापते, बदल २८ दिवसांच्या एअरॅक सायकलने येत राहतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या केसमध्ये सांगून टाकलं की नुसती मेहनत घेतली म्हणून माहितीवर कॉपीराइट मिळत नाही. आपल्याकडे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक, २००७, साधारण तीच दिशा, तुमची स्वतःची थोडी तरी निवड आणि बुद्धी त्यात दिसायला हवी. युरोपात १९९६ च्या डायरेक्टिव्हनंतर डेटाबेसला १५ वर्षांचा वेगळा हक्क आहे पण तो तिथल्या करणाऱ्यांना, तुम्हाला परुळ्यात बसून त्याचा काय उपयोग.

आवाजाचं मात्र तसं नाही. १९५७ च्या आपल्या कायद्यात साउंड रेकॉर्डिंग हा वेगळाच प्रकार आहे, संरक्षण ६० वर्षं, रजिस्ट्रेशन केलंच पाहिजे असं नाही. आणि निर्माता कोण, तर ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी घेतली तो. माइक भाच्याने धरला म्हणून भाचा मालक होत नाही (त्याला आइस्क्रीम द्या मात्र). पावशावर हक्क कोणाचाच नाही, तुमच्या त्या रेकॉर्डिंगवर तुमचा आहे. त्याने उद्या चिपीला येऊन स्वतःचा पावशा रेकॉर्ड केला तर खुशाल विकू दे.

दाभोळी_अप्रोच
एक विचारू का भाऊ, टॅक्सीवेचं लेआउट तू सीनरी गेटवेवर (एक्स-प्लेनवाल्यांची विमानतळ जमा करायची साइट) टाकलेलंस ना? कारण ते जीपीएल ह्या खुल्या लायसन्सखाली जातं. म्हणजे दुसऱ्याने घेतलं, बदललं, अगदी पैसे लावून विकलं तरी त्याला मुभा आहे, फक्त लायसन्स सोबत ठेवायचं आणि पुढच्यालाही तोच हक्क द्यायचा. फ्लाइटगिअर आठवतंय का, फुकट मिळणारं सिम्युलेटर, लोकांनी त्याचं नाव बदलून, झकपक वेबसाइट करून विकलं. फ्लाइटगिअरवाल्यांची तक्रार विकण्याबद्दल नव्हती एवढी, गिऱ्हाइकाला अंधारात ठेवून विकण्याबद्दल होती.

परुळ्याचा_सिमर
हो, गेटवेवर आहे. सोलकढीसकट 😅 म्हणजे तो पुरावा गेला?

दाभोळी_अप्रोच
पुरावा गेला नाही, तुझ्याकडूनच उचललंय हे त्यातून सिद्ध होतंच, नकाशे छापणारे असेच खोटे रस्ते घालून ठेवायचे. फक्त उचललं हाच गुन्हा धरता येणार नाही. त्याने जीपीएलचा मजकूर काढून ‘सर्व हक्क राखीव’ लिहिलं असेल तर तिथे पकड. आजूबाजूच्या गावातले रस्ते तू ओपनस्ट्रीटमॅप ह्या खुल्या नकाशावरून घेतले असशील तर तेही बघ, तुझ्या रीडमीत त्यांचा उल्लेख नसेल तर नोटीस पाठवायच्या आधी टाक, नाहीतर तो तुलाच ऐकवेल.

ऑडॅसिटी_आबा
‘माझाच वाटतोय’ असं नोटिशीत लिहू नकोस रे बाबा, तपासून घे, पाच मिनिटांचं काम आहे. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) तुझी मूळ फाइल आणि त्याची फाइल एकाखाली एक घे, दोन्हीचा सॅम्पल रेट सारखा कर, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची मिसळ असेल तर काही जुळणार नाही, मग लाटा पार झूम करून एकावर एक आण, आवाजाची पातळी सारखी कर, एक ट्रॅक इन्व्हर्ट कर (म्हणजे लाट उलटी कर) आणि दोन्ही एकत्र वाजव. तीच फाइल असेल तर सगळं एकमेकांत खाल्लं जाऊन शांत. त्याने मध्ये एमपी३ केलं असेल तर बारीक खरखर उरेल. आणि दुसऱ्या कोणी त्याच जागी उभं राहून त्याच एटीआरचं रेकॉर्डिंग केलं असेल ना, तर काही म्हणजे काही खाल्लं जाणार नाही, तुझा वारा वेगळा त्याचा वारा वेगळा. लोक वाऱ्याला शिव्या घालतात, इथे तोच उपयोगी पडतो. स्क्रीनशॉट काढून ठेव आणि रेकॉर्डरच्या कार्डवरच्या मूळ फाइलींना हात लावू नकोस, कॉपीवर काम कर.

मालवणी_कॅप्टन
पण इंजिनाचो आवाज एअरलाइनचो नाय काय? ती उद्या ह्याकाच नोटीस धाडीत.

रत्नांग्रीची_वकीलबाई
नाही, इंजिनाची घरघर ही कोणाची कलाकृती नाही. कुंपणाबाहेर उभं राहून घेतलंय ते बरं केलं, आत विमानं उभी असतात त्या एप्रनवर जाऊन घेतलं असतं तर प्रश्न वेगळे होते. दाबोळीला असलं काही करायला जाऊ नका हां कोणी, ते नेव्हीचं आहे.

परुळ्याचा_सिमर
आबा, केलं. टर्मिनलचा आवाज पूर्ण शांत झाला. एटीआरवाला मात्र अजिबात नाही, म्हणजे तो त्याचा किंवा तिसऱ्याच कोणाचा. ओपनस्ट्रीटमॅपचा उल्लेख रीडमीत आहे, बघितलं. मग आता?

रत्नांग्रीची_वकीलबाई
मग एटीआर सोडा, आणि टर्मिनलच्या एका फाइलवरच नोटीस द्या. विकणाऱ्याला नाही, ज्या साइटवर पॅक आहे तिला. साइट अमेरिकेतली असेल तर डीएमसीएचा (तिकडच्या कॉपीराइट कायद्याचा) फॉर्म असतो, तुमची फाइल कुठे आणि कधी प्रसिद्ध झाली ती लिंक, त्याच्या पॅकमधल्या फाइलचं नाव, तुमचा संपर्क, तक्रार खरी असल्याचं निवेदन आणि सही, बस. भारतातली असेल तर २०१३ च्या कॉपीराइट रूल्सप्रमाणे लेखी तक्रार, त्यांना ३६ तासांत ती फाइल लोकांना बंद करावी लागते पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाहीत तर ते परत चालू करू शकतात. अमेरिकेतही त्याने काउंटर नोटीस दिली तर साधारण १० ते १४ कामाच्या दिवसांत तुम्ही तिकडच्या कोर्टात गेलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर पॅक परत वर. त्या खर्चात तुम्ही उतरावं असं मला वाटत नाही. पण बहुतेक वेळा एवढ्यासाठी समोरचा भांडत बसत नाही, फाइल काढून नवीन व्हर्जन टाकतो. जीपीएलचा मुद्दा वेगळ्या मेलमध्ये लिहा, ह्यात मिसळू नका.