‘ज्ञानाने उणा’ आणि ‘दोष न लावता’

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं १:५ (अध्याय १, वचन ५) चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना पाठ करायला दिलं होतं. जो ‘ज्ञानाने उणा’ असेल त्याने देवाजवळ मागावं, देव ‘दोष न लावता’ देतो. आमच्या धाकटीने (वय ६) विचारलं, उणा म्हणजे काय? ते जमलं सांगायला. मग तिने विचारलं, दोष लावणं म्हणजे? तिथे मी गप्प झालो.

कारण आदल्याच दिवशी, आईला ताप आहे म्हणून पोरीने तांदूळ धुवायला घेतले होते. एका वेळचे नाही, डब्यातले सगळे, डब्यातच पाणी ओतून. पाचेक किलो असतील. मी ओरडलो, ‘‘अक्कल आहे की नाही तुला?’’

आता शब्दांकडे येतो. मूळ ग्रीक शब्द ‘सोफिया’. मराठी बायबलात इथे ‘ज्ञान’ आहे, पण आज ज्ञान म्हटलं की माहिती, पाठांतर, सामान्यज्ञानाची परीक्षा. घरात आपण ‘शहाणपण’ म्हणतो. पण ‘शहाणं बाळ’ म्हणजे न रडणारं, सांगितलेलं ऐकणारं. थोडं मोठं झालं की तोच शब्द उलटतो: ‘जास्त शहाणपणा नको’, ‘दीडशहाणा’. आणि ‘अक्कल’ मुलांच्या कानावर बहुधा ती नसल्याचं सांगतानाच पडते. मग देवाकडे काय माग म्हणून सांगायचं?

प्रतिसाद १: जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘होखमा’ बघा. नीतिसूत्रांच्या पुस्तकात सगळीकडे तोच आहे. पण निर्गमाच्या पुस्तकात ३५:२५-२६ मध्ये निवासमंडपासाठी (देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी) सूत कातणाऱ्या बायकांनाही तोच शब्द लावलाय. म्हणजे होखमा हातातही असते. मला ‘हातोटी’ जवळचा वाटतो. ती पुस्तकातून येत नाही, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून येते. तुमची मुलगी तेच करायला गेली होती, फक्त शेजारी कुणी नव्हतं.

प्रतिसाद २: हातोटी छान, पण त्यात बरं-वाईट ओळखणं येत नाही. चोरालाही हातोटी असते. मी नातवंडांना ‘शहाणपण’च सांगते. शब्द आपण टोमण्यात वापरून खराब केलाय, तो घरातच नीट वापरून परत मिळवावा लागेल.

मूळ लेखक: दोघांचेही आभार. ‘शेजारी कुणी नव्हतं’ हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. ‘दोष न लावता’मागचं ग्रीक क्रियापद पाहिलं: ‘ओनेइदिझो’. हिणवणं, घालूनपाडून बोलणं. मत्तय २७:४४ मध्ये येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेले लुटारू त्याची निंदा करतात, तिथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे मागणाऱ्याला देव ‘एवढंही कळत नाही का’ असं ऐकवत नाही. मी नेमकं तेच ऐकवलं होतं, आणि तेही न मागता मदतीला आलेल्या पोरीला.

तिला सांगितलं, दोष लावणं म्हणजे बाबा काल जे बोलले ते. माफीही मागितली. तांदूळ चादरीवर वाळवून दळून आणलेत, रोज धिरडी चालू आहेत. काल दोन वाट्या तांदूळ आम्ही दोघांनी मिळून धुतले. तिसऱ्या पाण्याला तिने विचारलं, ‘‘आता बास?’’

एक प्रश्न उरलाच. मुलांना हे वचन समजावताना ‘दोष न लावता’ऐवजी ‘न हिणवता’ म्हणावं की ‘टोमणा न मारता’?