साइट हळू म्हणून होस्टिंगवर पैसे ओतणाऱ्यांनो

सदू_सर्व्हरवाला:
काल इथे कुणीतरी सल्ला दिला: "मराठी साइट हळू आहे? महागडं होस्टिंग (साइटसाठी सर्व्हरवरची भाड्याची जागा) घ्या, सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून साइट पुरवणारी सेवा) लावा, लाइटहाउस या गूगलच्या तपासणी-साधनात १०० मार्क मिळवा." डोकंच फिरलं. मागे एका ऑनलाइन दिवाळी अंकाची साइट माझ्याकडे आली होती. मुखपृष्ठ छपाईला दिलं तसंच्या तसं चढवलेलं, ७ एमबी! वर स्लायडर, चॅटचं बटण, वाचकावर नजर ठेवणारे ढीगभर ट्रॅकर. सर्व्हर मुंबईत ठेवा नाहीतर माळ्यावर, हे ओझं वाचकाच्या मोबाइललाच उतरवून घ्यायचंय. चित्र लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाकलं, स्लायडर उडवला. होस्टिंगला हातही लावला नाही.

निवांत_नागपूरकर:
सल्ला माझाच होता. सर्व्हर पहिला बाइट द्यायलाच २ सेकंद घेत असेल तर वेबपी काय ओवाळायचंय? गूगलच्या हिशेबात चांगला एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) म्हणजे २.५ सेकंदांच्या आत. 'अनलिमिटेड'च्या नावाखाली माझ्या गळ्यात जे शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) मारलं, ते रोज संध्याकाळी झोपायचं.

सदू_सर्व्हरवाला:
आणि कॅशिंग, म्हणजे तयार पान साठवून तेच देणं? का प्रत्येक वाचकासाठी साइट चालवणारं वर्डप्रेस नव्याने डेटाबेसकडे धावतं?

टंकलेखक_ठाणे:
तुमचं चालू द्या, पण फॉन्टबद्दल कुणी बोलणार की नाही? चार वजनांचे (बारीक, ठळक वगैरे) देवनागरी फॉन्ट लादायचे, ते येईपर्यंत पान कोरं. font-display या सेटिंगला स्वॅप लावलं तर तोवर मोबाइलमधल्या फॉन्टात अक्षरं दिसतात, पण फॉन्ट बदलला की ओळी उड्या मारतात.

जर्सीतला_जोश्या:
फॉन्टचा सबसेट करा की. नको ती अक्षरं कापायची, काम झालं.

टंकलेखक_ठाणे:
कापून बघा! आमच्या एका हुशार माणसाने कापले. जोडाक्षरांचे नियम फॉन्टच्या जीसब तक्त्यात असतात, तोही कापला गेला. अंकभर पाय मोडलेली अक्षरं. लेखिकाबाई फोनवर मला म्हणाल्या, "माझं शुद्धलेखन कुणी बिघडवलं?" तिकडे फायबरवर बसून 'काम झालं' म्हणणं सोपं आहे हो.

जर्सीतला_जोश्या:
परदेशात राहतो म्हणून टोमणा? छान. हत्यार नीट चालवता आलं नाही हा हत्याराचा दोष नव्हे. जीसब राखून woff2 (वेबसाठीचा दाबलेला फॉन्ट) करता येतं.

गुपचूप_वाचणारा:
मुळात देवनागरीच जड. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची पद्धत) देवनागरीच्या एका अक्षर-चिन्हाला ३ बाइट, इंग्रजीला १.

सदू_सर्व्हरवाला:
हे पालुपद बंद करा राव. त्या तिनांतला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक. जीझिप, ब्रॉटली या मजकूर दाबून पाठवणाऱ्या पद्धतींना ते चिरडणं हातचा मळ. अख्खी कथा एका बऱ्यापैकी फोटोपेक्षा हलकी असते.

टंकलेखक_ठाणे:
एवढं मात्र खरं. आणि हल्लीच्या अँड्रॉइडवर देवनागरी फॉन्ट असतोच, तोच वापरा. पण नाही, संपादकांना 'सुबक' पाहिजे!

जर्सीतला_जोश्या:
म्हणजे सगळ्या मराठी साइट एकसारख्या दिसायच्या? धन्य.

सदू_सर्व्हरवाला:
नागपूरकर, तुमची साइट आत्ता पाहिली. मुखपृष्ठाच्या चित्रावरच लेझी लोडिंग लावलंय. उघडताक्षणी जे दिसायला हवं तेच उशिरा मागवताय.

निवांत_नागपूरकर:
थीमने लावलं असेल. काढलं. हो, फरक पडला, घ्या पेढे. होस्टिंग तरी बदलणारच.