आई-बाबांसाठी हातभर गोंदण : तुमचे अनुभव सांगा

परवा एसटीत कंडक्टरने मशीनमधून तिकीट फाडून दिलं आणि मला एकदम बाबांच्या पंचची टिकटिक आठवली. बाबा कंडक्टर, ३१ वर्षं. दांडीवर पंच वाजवत यायचे. म्हणून हा धागा.

डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदून घेतलाय, स्लीव्ह म्हणतात ते. पाच सिटिंग, मध्ये तीन-तीन आठवडे. आधी माझी यादी म्हणजे वाण्याची यादी झाली होती, बाबांचा बिल्ला, आईचं शिलाई मशीन, जोतिबा, दोघांच्या जन्मतारखा. टॅटूवाला म्हणाला ताई, हे फ्रिजवरचे स्टिकर होतील, दोघांच्यात सारखं काय ते सांगा. मी म्हटलं काही नाही, जन्मभर भांडले. मग एक दिवस घरी आईच्या हातावरचं गोंदण बघत बसले, तुळस आणि भोवती ठिपके, जत्रेत लहानपणी गोंदलेलं. आणि बाबांच्या डब्यातल्या जुन्या तिकिटांना पंचची भोकं. ठिपकेच की! आता वर तुळस, कोपराखाली तिकिटांची पट्टी, आणि मधली सगळी जागा ठिपक्यांनी भरलीय, वर दाट आणि खाली विरळ होत होत मनगटाला तीनच. रंग फक्त काळा. जोतिबाची माफी मागितली.

तुमचं सांगा.

भाकरतुकडा
कोपराच्या हाडावर सुई आली की आईबाबा आपोआप आठवतात, त्यासाठी वेगळं डिझाइन लागत नाही 😂

उंबरठा
मी बाबांचं अक्षर घेतलं, इनलँड लेटरवरचं "अनेक उत्तम आशीर्वाद". हौसेने अगदी पत्रातल्याएवढंच बारीक ठेवलं, आर्टिस्ट नको म्हणत होता. सहा वर्षांत शाई पसरून श च्या पोटात काळं झालंय. अक्षर घेणार असाल तर मोठं घ्या, आणि फोटो काढून तसंच्या तसं उतरवा, फॉन्टमध्ये टाईप करायला देऊ नका. मैत्रिणीचं स्टेन्सिल (गोंदायच्या आधी कातडीवर उमटवतात तो छाप) परदेशात बनलं, तिथे कुणाला मराठी येत नव्हतं, रफार भलतीकडेच आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर! सुई लावायच्या आधी बघितलं म्हणून वाचली

दुपारचा_चहा
आजी म्हणायची मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

भाकरतुकडा
@दुपारचा_चहा तुम्ही मागच्या धाग्यावर पण कुकर लावून गेला होतात

रानजाई
रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅटूनंतर १२ महिने रक्त घेत नाहीत. मी दर वर्षी बाबांच्या तिथीला देते, त्या वर्षी शिबिरातून परत आले, बाबांसाठीच काढलेल्या टॅटूमुळे. हसावं का रडावं.

सातबारा
भाच्याला सैन्यात जायचंय आणि हातभर काढायचंय पण. चालतं का हो

रानजाई
@सातबारा नाही. हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागे एवढंच चालतं, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सूट असते. दंडावर काढू देऊ नका, आधी भरतीची जाहिरात नीट वाचायला सांगा

ओसरी
आईला दाखवलं तर म्हणाली एवढ्या पैशात फ्रीज आला असता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना माझी बाही वर करून दाखवत होती

सातबारा
तिकिटावरून आठवलं, सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचे. माझे ३ रुपये अजून बाकी आहेत, उतरायच्या घाईत मीच विसरलो. साल १९९४.

धागाकर्ती
@सातबारा अहो बाबांच्या डब्यात तसलं एक तिकीट आहे, मागे "२ रु." लिहिलेलं. कुणी तरी पैसे घेऊन परत दिलेलं असणार. तेच हातावर घेतलंय, बाकीसकट!
@उंबरठा हो, म्हणून आकडे मोठे ठेवले. ठिपके पण जरा लांब लांब, पुढे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.
आई रोज मनगटाचे तीन ठिपके बघते आणि विचारते, चौथा कधी काढणार? चार म्हणजे आपण चौघं ना. टॅटूवाल्याने वेळ दिलीय पुढच्या महिन्यातली

दुपारचा_चहा
आले. भात लागला. काय चाललंय इथे?