प्रतिसाद: सुती रंग डिस्कवर चढणारच नाही

वर तुम्ही लिहिलंय की चादरीचा रंग उकळूनही डिस्क, म्हणजे फेकायची प्लास्टिकची फ्रिस्बी, धुताच पांढरी झाली. रंग खराब नव्हता. आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेल सुती, म्हणून इथले रंग सुताला धरणारे. प्लास्टिकला लागतो डिस्पर्स डाय, म्हणजे पॉलिस्टरचा रंग. तो पाण्यात विरघळत नाही, बारीक कणांनी पसरतो आणि गरम झालेल्या प्लास्टिकच्या आत शिरतो. पूर्वभागातल्या रंगाच्या दुकानात विचारताना 'पॉलिस्टरसाठी' असं स्पष्ट सांगा.

डिस्कही बघून घ्या. पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या डिस्क रंग छान पितात. अल्टिमेटची (फ्रिस्बीच्या सांघिक खेळाची) १७५ ग्रॅमची नेहमीची डिस्क पॉलिएथिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची, तिच्यावर रंग फिकाच राहतो.

नक्षीसाठी मी नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानातून स्टिकर कापून घेते, त्याखालचा भाग कोरा राहतो. आधी डिस्क साबणाने धुवून पूर्ण कोरडी करा, मग स्टिकरच्या कडा नखाने घट्ट दाबा. रंग झिरपतो तो तिथूनच. रंगाचं पाणी उकळू देऊ नका, डिस्क वाकडी होते. साधारण ६० अंश पुरे.

आणि रंगाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला नको, अगदी घासूनसुद्धा. रंगाची पूड कालवताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

पुढची डिस्क झाली की फोटो टाका, मला खरंच बघायचीय.